तयार उत्तरं आणि कुसुमवहिनी

फोनवर गिऱ्हाइकाचा मेसेज आला की कुसुमवहिनी आधी डोक्यावरचा पदर सारखा करीत, मग चष्मा शोधीत. मी हसलो की म्हणत, "हसा. पण दारातल्या मानसाले आधी बस तं म्हना."

थोरले भाऊ गेल्यावर वहिनींनी जानेफळच्या आमच्या घरी कुरड्या आणि धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकायला सुरुवात केली. हात त्यांचा, चव त्यांची; उंटावरून शेळ्या हाकायला मी. दुकानाच्या एकाच नंबरवर वहिनी, माझी बायको रेखा आणि मी, तिघं आपापल्या फोनवरून उत्तरं द्यायचो. एकदा चिखलीच्या एका बाईंनी कुरड्यांचा भाव विचारला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सासूचे दात, मुलीची सोयरीक, सगळं वहिनींना कळलं होतं; भाव तेवढा सांगायचा राहिला होता. "सासू बोळकी हाये, तिले बारीक तारेची धाडू," एवढं मात्र ठरलं होतं.

मला धंदा वाढवायची घाई. माझ्या लेकीनं शिकवलं: उत्तरं एकदा लिहून साठवायची, मग तिरकी रेघ मारून नुसतं 'भाव' लिहिलं की सगळा मजकूर आपोआप उमटतो. मी हौसेनं भाव, पत्ता, पार्सल, आभार अशी उत्तरं तयार केली, तीही अशा भाषेत की माझी मलाच ओळख पटेना. वहिनींनी ती वाचली. "चांगलं हाये. भंगारवाल्याच्या भोंग्यासारखं. तोंड दुखवा लागत नाही."

ऑर्डरी खरंच वाढल्या. वहिनी मात्र तयार उत्तराला रोज आपलं शेपूट जोडतच राहिल्या. एक दिवस मी म्हणालो, फार गोडीनं म्हणालो, की वहिनी, फोनचं आम्ही पाहतो, तुम्ही वाळवणाकडे पाहा. त्यांनी आपला फोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

वाळवण संपलं तशा त्या चार दिवस म्हणून लेकीकडे जालन्याला गेल्या. दिवाळी झाली, संक्रांत झाली. लेकीच्या फोनवर विचारलं की म्हणत, "येते ना." मीही कधी 'याच' म्हणालो नाही. ऑर्डरी सुरळीत होत्या.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. त्यात 'कुरड्या' दिसल्या आणि पुढचं न वाचता मी रेघ मारून 'आभार' पाठवून दिलं: 'आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.'

थोड्या वेळानं रेखा स्वयंपाकघरातून आली आणि तिनं आपला फोन माझ्यासमोर धरला.

"भाऊजी, नातवाच्या फोनवरून लिहून राह्यले. यंदा कुरड्याचा गहू कधी भिजू घालता? मले यायचं हाये. येऊ का?"

त्याखाली माझे मनःपूर्वक आभार. आणि त्याखाली वहिनींचं उत्तर: "बरं. घाई नाही. प्रतिनिधी जेवला का?"

मी 'या' लिहिलं, खोडलं. 'कधीही या' लिहिलं. तेही दुकानाच्या वेळेसारखं वाटलं. रेखा म्हणाली, "लिहीत काय बसले? प्रतिनिधीले संपर्क साधायचा हाये ना? गाडी काढा."

जालन्याला वहिनींनी आधी मला जेवायला वाढलं. माझं चुकलं, असं मी पानाकडे पाहत म्हणालो. "भात घ्या," त्या म्हणाल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, सामान भरायला मदत करू का. त्यांची लेक आतून पिशवी घेऊन आली. "भरेलच हाये, काका," ती म्हणाली. "आल्यापासून आईनं ती रिकामीच केली नाही."