किती दिवस राहिले?

निजामाच्या सगळ्या मुलखात माझ्या आत्याच्या यजमानांइतका संशयी माणूस दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याने तो संशय कुणाला कळू दिला नसेल. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणायचो. गावातली शाळा संपली तेव्हा माझ्या वडिलांनी मला राणीसावरगावाहून परभणीला आत्याकडे शिकायला धाडलं. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो, तर मामांनी मला दंडाला धरून अंगणातल्या उजेडात नेलं आणि विचारलं, "तूच का त्यो? कशावरून?" आत आत्या चुलीपाशी होती, ती तिथूनच ओरडली, "अवो, माज्या भावाचं नाक हाय की त्याला!" मामांनी माझं नाक दोन्ही बाजूंनी पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मला घरात घेतलं.

मामांची पोखर्णीला शेती होती. आठवड्यातून दोनदा ते तिकडे जात. निघताना दाराला कुलूप घालायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढून पाहायचे, आणि मग त्यांच्या थोरल्या मुलाला, बापूला, ओढायला सांगायचे. "माज्या हाताला सवय झालीया. त्यो खोटं सांगतो," हे त्यांचं कारण. आत्या घरातच असायची, हे त्या कुलपाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात यायचं नाही. मग ती आतून कडी वाजवायची. न्हाव्यापुढे बसले तर आरसा स्वतःच्या हातात धरून बसायचे, कारण मागे काय चाललंय ते कळायला हवं. शेजारच्याने एका दिवसात दोनदा राम राम केला तर जेवताना त्यांचा घास अडायचा. "त्याला काय तरी पायजेल असनार," ते म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा राम राम घडू नये म्हणून मागच्या दाराने बाहेर पडायचे.

पण मामांचा संशय खरा फुलला तो मी मॅट्रिकला बसलो तेव्हा. मला हैदराबादला कॉलेजात घालायचं असं वडिलांनी ठरवलं होतं आणि तारखा सांभाळायचं काम मामांवर सोपवलं होतं. आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्या वर्षी प्रवेश हुकला असता तर गावी जाऊन औत धरायचं, हे वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलेलं होतं. औताचं मला वावडं नव्हतं, पण कॉलेजच्या नावाने मी झोपेतसुद्धा उठून बसत होतो. कॉलेजचं छापील पत्रक आलं. त्यात दरख्वास्त, म्हणजे अर्ज, द्यायची शेवटची तारीख होती अमरदाद महिन्याची पंधरावी. तेव्हा सरकारी कचेऱ्यांचे महिने फसली सनाचे असत. घरातले सणवार पंचांगावर चालत. आणि बापू कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये कामाला होता तिथे भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर टांगलेलं होतं. एका तारखेला तीन नावं आहेत म्हटल्यावर मामांना ती तारीख सराईत गुन्हेगारासारखी वाटू लागली.

त्यांनी घरात कामं वाटून दिली. आत्याने पंचांग सांभाळायचं, बापूने इंग्रजी कॅलेंडर, फसली महिने स्वतः मामा पाहणार. मी कशालाच हात लावायचा नाही, कारण "ज्याचं काम त्याला घाई, आन् घाईचा मानूस मोजताना उड्या मारतो." शिवाय खऱ्या मुदतीतून त्यांनी पाच दिवस आधीच काढून टाकले आणि ते चोरांचे दिवस ठरवले. एक दिवस पोस्ट चोरणार, एक रेल्वे, एक अचानक निघालेली सुट्टी, एक आजारी पडणारा कारकून. "आन् पाचवा?" मी विचारलं. मामांनी आवाज खाली आणला. "त्याचं नाव अजून ठाव न्हाई. पन असतो. पाचवा असतोच." म्हणून आमच्या घरापुरती मुदत पंधरावर नव्हे, दहा अमरदादलाच संपत होती.

मग रोज सकाळी चहाला हजेरी सुरू झाली. कपबशी हातात आली की मामा फुंकर घालण्याच्या आधी विचारायचे, "हं, किती दिवस राह्यले?" आत्याने आपला आकडा सांगायचा, बापूने आपला, शेवटी मामा आपला सांगणार. एके सकाळी आत्या म्हणाली, "सहा." बापू म्हणाला, "छत्तीस." मामांचा नियम असा, की आकड्यांत भांडण झालं तर लहान आकड्याचं ऐकायचं. त्यांनी स्वतःचा आकडा सांगितलाच नाही. वळकटी बांधली, मला पुढे घातलं आणि आम्ही स्टेशनची वाट धरली. अर्ध्या वाटेवर मागून आत्या धापा टाकत आली. "अवो, थांबा की! औंदा धोंडा हाय! ज्येष्ठ दोन हायेत, मी पैल्यातली द्वितीया धरली!" धोंडा म्हणजे अधिक महिना. तो लागायला आला होता, आणि जावई म्हणून खुद्द मामांना राणीसावरगावाहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं कधीच येऊन पडलं होतं. पण एवढ्या आग्रहाने कोणी जेवायला बोलावतं म्हणजे त्यात काहीतरी आहे, अशा समजुतीने त्यांनी ते पत्र बाजूला ठेवलेलं होतं.

त्यानंतर आत्या सावध झाली आणि आकडे जुळू लागले. आता तरी मामा निवांत होतील असं मला वाटलं. ती "सत्तावीस," बापू "सत्तावीस," आणि मामांचेही सत्तावीसच. मामांनी कप खाली ठेवला आणि तिघांच्या तोंडाकडे बारीक डोळे करून पाहिलं, त्यात स्वतःचंही तोंड त्यांनी समोरच्या आरशात पाहून घेतलं. "असं कसं जुळायलंय? कुनीतरी कुनाचं बघून सांगायलंय." दुसऱ्या दिवशी बापूने मुद्दाम चोवीस सांगितले. मामांचा चेहरा उजळला. दुपारपर्यंत ते बापूची चूक शोधत राहिले, ती सापडली, आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले. तेव्हापासून बापू अधूनमधून वडिलांच्या तब्येतीसाठी चुकत असे.

दिवस संपत आले आणि मामांचे चोर एकेक करून खरेच आले. पास झालो ही बातमी आधी आली, पण माझी मॅट्रिकची सनद टपालाने एक दिवस उशिरा पोचली. ती हातात पडताच मामांनी आत्याकडून बंडीच्या आतल्या खिशात शिवून घेतली, दुहेरी टाक्यांनी. स्टेशनवर गाडी समोर उभी होती. ही हैदराबादला जाते का, हे मामांनी गार्डाला विचारलं, हमालाला विचारलं, एका प्रवाशाला विचारलं. तिघेही हो म्हणाले. "तिघंबी एकच सांगायलेत," मामा मला हळूच म्हणाले, आणि त्यांचा हा विचार पुरा होईपर्यंत गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने हैदराबाद गाठलं, तर कचेरीला अवचित सुट्टी. त्याच्या पुढच्या दिवशी प्रवेशाचा कारकून तापाने घरी. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून मामा बोटं मोजत होते आणि खोटं कशाला सांगू, ते खुशीत होते. "बघ, चारी आले. मी म्हनलो न्हवतो?" मला रडू येत होतं.

चौदा अमरदादला कारकून भेटला. गोंड्याची रूमी टोपी, पिकलेली दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. दरख्वास्त त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "असल सनद यहाँ जमा करना पडेगा."

"और रसीद?" मामांनी विचारलं.

"रसीद नहीं मिलती."

मामांचा हात बंडीवर गेला आणि तिथेच राहिला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चल पोरा." आणि आम्ही खरोखर धर्मशाळेत परत आलो. त्या वेळी मला पाचव्या चोराचं नाव कळलं. तो माझ्या शेजारी चालत होता, त्याने डोक्याला पटका बांधला होता आणि छातीशी माझी सनद धरली होती. त्या रात्री मी जेवलो नाही. मामांचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही.

पंधरावीला मामा सकाळीच उठून मला घेऊन कचेरीत गेले आणि त्या कारकुनासमोरच्या बाकावर बसले. अकरा वाजले, बारा वाजले. पोरं येत होती, सनदा देऊन जात होती. मामा फक्त पाहत होते. कारकुनाची दौत टेबलाला सुतळीने बांधलेली होती. टाकसुद्धा बांधलेला होता. प्रत्येक सनद तो खिडकीकडे धरून पाहायचा, कपाटात ठेवायचा, कुलूप घालायचा, तीनदा ओढायचा, आणि मग शिपायाला बोलावून त्यालाही ओढायला लावायचा. शिपायाने पहिल्यांदा कुलूप ओढलं तेव्हा मामा बाकावर जरा पुढे सरकले. चारला कचेरी बंद होणार होती. साडेतीन झाले.

कारकुनानेच शेवटी आम्हाला बोटाने बोलावलं. "ये लडका आपका कौन?"

"बायकोचा भाचा," मामा म्हणाले.

"बाप कहाँ है इसका? तुम कायकू आए?" असं म्हणत तो उठला, मला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात घेऊन गेला आणि माझं तोंड वर करून म्हणाला, "यहीच है वो लडका? कायपर से?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं, जणू परदेशात आपल्या गल्लीतलं माणूस भेटलं. "नाक देखो साब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मेरे साले का नाक है." कारकुनाने नाक दोन्ही बाजूंनी पाहिलं. मामांनी बंडी काढली. टाके दुहेरी, कात्री कुणाकडे नाही. मग मामांनी दातांनी दोरा तोडला आणि सनद दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. कुलूप लागलं, तीनदा ओढलं गेलं, शिपायाने ओढलं, आणि कारकुनाने मानेने खूण करताच मामांनीही एकदा ओढून पाहिलं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "मानूस लय संशयी हाय. सनद सुखरूप ऱ्हाईल." माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

हॉस्टेलवर मला मामांचं दर आठवड्याला कार्ड यायचं. वर तीन तारखा, फसली, इंग्रजी आणि तिथी, आणि खाली कधी काय भरायचं, कुठल्या दिवसाच्या आत घरी यायचं, सगळं पाच दिवस अलीकडचं. कॉलेज संपलं, नोकरी लागली, मी दूर गेलो. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतून फसली महिनेही गेले, आणि मामांच्या कार्डावर दोनच तारखा राहिल्या. मग एकदा एक कार्ड आलं त्यावर तारीखच नव्हती. मजकूर एक ओळीचा: सवड झाली की येऊन जा, घाई न्हाई.

मी ते दोनदा वाचलं. ज्या माणसाने आयुष्यभर मला मुदती घालून दिल्या त्याने स्वतःच घाई नाही म्हटलं, तर नसेलच घाई, असं मी धरून चाललो. साहेबाकडे रजा मागायची राहून गेली. दिवाळीला जाऊ म्हटलं. मी पोचलो तो त्यांच्या तेराव्याला.

पाहुणे पांगल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली. सांगू लागली, शेवटचे दोन महिने ते अंथरुणावरच होते, पण सकाळचा चहा चुकला नाही आणि चहाची हजेरीही चुकली नाही. कपाला हात लावायच्या आधी विचारायचे, पोरगं यायला किती दिवस राह्यले?

"मग तू काय सांगायचीस?" मी विचारलं.

"मला तरी काय ठाव होतं, तू कधी येनार ते," आत्या म्हणाली. "पाच सांगायची. रोज पाचच. आन् ते रोज 'बरं' म्हनून चहा प्यायचे. एक दिवस बी संशय घेतला न्हाई रे त्यांनी."