दोन कॉलमांचा मथळा

कर्करोगाच्या दवाखान्यात भावाच्या रिपोर्टसाठी बसलो होतो. शेजारच्या मावशींनी नवऱ्याच्या फाइलमधून प्लास्टिकमध्ये जपलेलं कात्रण काढलं. ‘कर्करोगावर औषध सापडलं!’ मथळा मीच दिलेला. औषध फक्त उंदरांना लागू पडलंय, असं संशोधक बाईंनी मला फोनवर दोनदा बजावलं होतं. पण ‘उंदरांच्या’ हा शब्द दोन कॉलमांत बसेना, म्हणून मी तो उडवला. एक शब्द गाळला की तेवढ्याशा जागेत केवढी आशा मावते! ती परत कशी घ्यायची, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

“डॉक्टर म्हणतात, असं औषधच नाही,” कात्रणाच्या घडीवरून बोट फिरवत मावशी म्हणाल्या. “पण पेपरवाले कशाला खोटं छापतील?”

“खरंय,” मी म्हणालो.