गेरूचा पट्टा

१४ डिसेंबर. नाताळच्या जेवणाचे तांदूळ निवडते आहे. हात कामात आहेत तोवर सांगून टाकते. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. प्रार्थनेतही नाही — तिथेही मी आडवळणानेच जाते.

आमचं चर्च गडचिरोलीच्या बाजूला, लहानसं. मंडळीत काही नवीन आलं की पहिली शंका मला यायची. नवं गाणं — चाल कुठून उचलली? नवं पुस्तक — लिहिणारा कोण? कोण काय आत घुसवेल, याचा नेम काय? लोक म्हणायचे, बाईंची नजर तिखट आहे. मलाही तसंच वाटायचं.

अनिता आश्रमशाळेत चित्रकला शिकवायची. बाप्तिस्मा नुकताच झालेला. आई अजून गावदेवीला कोंबडं द्यायची. उत्तम शुक्रवारासाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, तिने वेदीमागच्या भिंतीवर येशू काढला. सावळा, सागाच्या ओबडधोबड खोडाला खिळलेला. आणि त्याच्या पायांखाली, खोडाभोवती, एक तांबडा पट्टा.

त्याच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सगळे बघायला जमले.

"हा शेंदूर काऊन?" मागून एकजण म्हणाला. "आता नारळ फोडाचा काय इथी?" लोक हसले.

"शेंदूर नाई जी, गेरू आहे," अनिता म्हणाली. "जंगलात तोडाच्या झाडाले मारतात ना, तो."

पाळकसाहेब नगरकडचे. त्यांना काय ठाऊक? ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमचे मिस्टर फॉरेस्टात होते. असा पट्टा मारतात का?"

शेंदूर ठरला तर चित्र जाणार होतं, आणि पोरीच्या बाप्तिस्म्यावरही बोट उठणार होतं — हे मला कळत होतं. माझा नवरा, आता तो नाही, जन्मभर फॉरेस्ट गार्ड. त्याच्या बाह्यांवरचे गेरूचे डाग मी घासून घासून धुतले आहेत. पट्टा मारलेलं झाड उभंच असतं, पानं हलत असतात — पण त्याचं ठरलेलं असतं. त्या भिंतीपुढे मला हे बघताक्षणी उमगलं होतं. छापील तसबिरींपुढे इतकी वर्षं गुडघे टेकले, आत असं कधी हललं नव्हतं. मग? — मग तेच खपलं नाही. काल आलेल्या पोरीने मला येशू दाखवावा? शंका म्हणू नका तिला. शंका नव्हतीच. मला माहीत होतं.

"मी तरी कधी पाहिला नाही," मी म्हणाले. "मला शेंदूरच वाटतो."

अनिताने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी तिनेच भिंतीला चुना मारला, बादली धुऊन पालथी घातली आणि गेली. परत कधी उपासनेला आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी चर्चचं कुलूप काढलं. चुना वाळला होता. पट्टा खालून वर आला होता — फिकट, पण दिसत होता. मी चुना कालवला आणि त्यावर अजून एक हात मारला.