अकरावं विधान आणि टूनिस कोइमनचं आतडं

हॉलंडातल्या लायडन गावात टूनिस कोइमनने भरलेल्या दरजा ज्या घराला नाहीत, ते घर एकतर लाकडी असणार किंवा टूनिसचं आणि त्या घरमालकाचं भांडण झालेलं असणार. दुसरी शक्यता जास्त. विटांमधल्या सांध्यांत चुना-सिमेंटचा माल भरायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम, आणि त्या मालाबद्दल कोणी वावगा शब्द काढला की हा परांचीवरून खाली उतरून त्याच्याशी वाद घालायचा. "वीट काय, कोणीही रचतं," तो म्हणायचा. "घर उभं राहतं ते मालावर."

कालव्याकाठच्या श्रीमंत घरांची कामं मात्र तो भिंत बघून घेत नसे. आधी संडास कुठे आहे ते बघे. त्याच्या मोठ्या आतड्याला तरुणपणापासून दाहाचा आजार होता. तो भडकला की परांचीवरून उतरायला शिडी अपुरी पडे. आडव्हेल कालव्याकाठच्या एका वकीलबाईने त्याला एकदा पाहुण्यांच्या संडासात जाऊ दिलं नाही, तर त्याने तिच्या घराची पुढची बाजू अर्धी भरून सोडून दिली. ती बाई चॉकलेटचा डबा घेऊन माफी मागायला आली. चॉकलेट याने खाल्लं, आणि मग तीन दिवस भडकलेलं पोट धरून तिलाच शिव्या दिल्या.

असा आजार जुना झाला की आतड्यात गाठ धरण्याचा धोका वाढतो. म्हणून इस्पितळातून दर थोड्या वर्षांनी दुर्बीण घालून तपासायला बोलावणं येतं. ते आलं की टूनिसला नेमकं काम निघे. कधी चर्चचा मनोरा, कधी मेव्हण्याची न्हाणी, आणि निवृत्त झाल्यावर तर गुडघा.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो बायकोला सांगे. "माझ्या बापाच्या पोटात बघितलं आणि महिन्याभरात बाप गेला."

"बघितल्यामुळे गेला नाही, टून. उशिरा बघितल्यामुळे गेला," बेप म्हणायची.

"तेच ते."

आता गंमत अशी, की या माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, योरिंदेने, डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो नेमका आतड्यातल्या मालाचा. टूनिसने पेठेत सगळ्यांना सांगितलं, की पोरगी बापाच्या वळणावर गेली. मग एका रविवारी कॉफीच्या टेबलावर तिने त्याला नीट समजावून सांगितलं, आणि त्याचा पारा चढला.

"आतड्याच्या अस्तराखाली या पेशी असतात, पप्पा. फायब्रोब्लास्ट. सगळं धरून ठेवतात. शंभर वर्षं सगळ्यांना वाटत होतं, ही नुसती भर आहे."

"माल," टूनिस खूष होऊन म्हणाला.

"माल. पण हा माल बोलतो. जखम झाली की हाका मारून शिपाई पेशी बोलावतो, जखम सांधतो. पण दाह वर्षानुवर्षं राहिला, की याला थांबायचं कळत नाही. हाका मारतच राहतो, जखम भडकतच राहते. आणि मग अस्तरातली एखादी पेशी बिघडली, तर हाच तिला अंथरूण घालून देतो, खाऊपिऊ घालतो, शिपायांपासून लपवतो. त्यातून गाठ वाढते."

टूनिसने बिस्किट खाली ठेवलं. "म्हणजे विटा बिघडणार, आणि खापर मालावर?"

"खापर नाही, पप्पा..."

"मग खरवडून काढा की सगळा! करा भिंत कोरडी, बिनमालाची!"

"उंदरांत तेही करून पाहिलंय. काही वेळा गाठ उलट मोकाट सुटली. कारण त्यातलाच काही माल तिला आवळून धरत असतो."

"हां!" टूनिसने टेबलावर अशी थाप मारली की दुधाचं भांडं हललं. "माझ्यात तोच आहे. आवळून धरणारा. कोइमनांचा माल."

"तो कुठला आहे हे आत बघितल्याशिवाय कळत नाही," योरिंदे म्हणाली.

"कॉफी निवतेय तुझी."

योरिंदे हसली नाही. ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली अशीच आतडी बघायची, टूनिसच्या वयाच्या, टूनिससारखीच कारणं सांगणाऱ्या माणसांची. प्रत्येक काचपट्टीवर तिला बाप दिसायचा. समजावून झालं होतं, रडून झालं होतं, एकदा ती त्याला गाडीत घालून इस्पितळाच्या दारापर्यंत घेऊनही गेली होती. तिथे तो "पार्किंगचं बघतो" म्हणून उतरला आणि बसने घरी गेला.

प्रबंध पुरा झाला. इथे प्रबंधासोबत एका वेगळ्या कागदावर काही विधानं छापून द्यावी लागतात. पहिली शास्त्राची, आणि शेवटचं एखादं हलकंफुलकं, वाटेल त्या विषयावरचं. परीक्षक त्यातल्या कशावरही प्रश्न विचारू शकतात. आणि लग्नात नवरीमागे करवली असते तसे इथे उमेदवाराच्या दोन बाजूंना दोन पाठराखे उभे असतात. योरिंदेने एका बाजूला मैत्रीण घेतली, दुसऱ्या बाजूला बाप.

"मला काय करावं लागेल?" टूनिसने विचारलं.

"ताठ उभं राहायचं. आणि वाटलंच तर काहीतरी वाचून दाखवायचं."

विधानांचा कागद तिने त्याच्या हातात दिला होता. त्याने पहिलं वाचलं, "आतड्यातल्या संयोजी पेशी ही नुसती भर नव्हे, दाहाच्या त्या भागीदार आहेत", आणि "भागीदार म्हणे!" म्हणत कागद घडी करून बेपच्या पर्समध्ये कोंबला. बाकीची दहा त्याने वाचलीच नाहीत.

त्या दिवशी भाड्याने आणलेल्या शेपटीच्या कोटात टूनिस असा उभा होता, की विद्यापीठाच्या पाहुण्यांपैकी दोघांनी त्यालाच प्राध्यापक समजून नमस्कार केला. त्याने तो घेतलाही. झगे घातलेले परीक्षक एकेक करून योरिंदेला प्रश्न विचारत होते आणि ती ठणठणीत उत्तरं देत होती. टूनिसला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक उत्तरानंतर तो मान डोलवायचा, जणू यानेच शिकवलं होतं.

शेवटी ग्रोनिंगनहून आलेल्या हेट्टिंगाबाईंची पाळी आली. वेळ संपत आली होती.

"मला अकराव्या विधानाबद्दल विचारायचंय," त्या चष्मा सारखा करत म्हणाल्या. "पाठराख्यांपैकी कोणी ते वाचून दाखवेल का? हे उमेदवाराच्या डावीकडचे गृहस्थ."

मैत्रिणीने कागद पुढे केला. टूनिसने घसा साफ केला आणि परांचीवरून खालच्या पोराला बादली मागावी त्या आवाजात सुरुवात केली:

"'ज्या गवंड्याला दुसऱ्याच्या भिंतीतली केसाएवढी चीर रस्त्यापलीकडून दिसते...'"

इथे तो थांबला आणि सभागृहाकडे बघून हसला. पोरीने नाव काढलं. मग पुढे वाचलं.

"'... त्याला स्वतःच्या पोटात डोकावायला लावणं हे... पेशींना... बोलतं करण्यापेक्षा अवघड आहे.'"

शेवटचे शब्द जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोचले. पहिल्या रांगेत बेप छताकडे बघत बसली होती. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. टूनिसचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"या विधानाला पुरावा?" हेट्टिंगाबाईंनी विचारलं.

"माझ्या डाव्या हाताला उभा आहे, अतिविद्वान परीक्षक."

पुन्हा हशा.

"एकाच माणसावरून विधान? बरं, ते असो. पण शास्त्रातलं विधान खोडता आलं पाहिजे. हे कशाने खोटं ठरेल?"

योरिंदेने तोंड उघडलं आणि इतका वेळ ठणठणीत असलेला तिचा आवाज कातर झाला. "तो तपासायला गेला तर. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं हे एकच विधान असं आहे, की ते खोटं ठरावं असं मला वाटतं. लवकर ठरावं."

पाठराख्याने वाचायचं असतं, बोलायचं नसतं. टूनिसला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी काही फरक पडला नसता.

"मी जाईन," तो म्हणाला. "पण..."

तेवढ्यात दार उघडलं. घुंगरांची काठी घेऊन विद्यापीठाचा भालदार आत आला, काठी जमिनीवर आपटली आणि लॅटिनमध्ये वेळ झाल्याचं ओरडला. या आरोळीनंतर सम्राटानेही वाक्य पुरं करायचं नाही, असा रिवाज आहे. परीक्षक टोप्या घालून उठले. टूनिसचं "पण" घशातच राहिलं.

नंतर मेजवानीत तो हातात तळलेला बिटरबॉल घेऊन हेट्टिंगाबाईंना गाठायला गेला. "बाई, माझं वाक्य अर्धं राहिलंय."

"काठी आपटल्यानंतरचं आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण अट होती पुढे!"

"सगळ्या सभागृहाने 'जाईन' ऐकलंय, टून," बेप म्हणाली. "माझ्या बहिणीनेसुद्धा. तू आता या गावात राहणार आहेस की नाही?"

शब्द देऊन फिरलेल्या गवंड्याला लायडनमध्ये कोणी दारात उभं करत नाही. टूनिस गेला. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी प्याला आणि घशाखाली गेलेल्या प्रत्येक पेल्यासरशी भालदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉक्टरांनी आतून दोन ठिकाणचे तुकडे घेतले. एक नुसता सुजलेला निघाला. दुसऱ्यातल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. गाठ अजून झाली नव्हती. तेवढा भाग त्यांनी पुढच्याच आठवड्यात मुळासकट काढून टाकला. आणखी दोन वर्षं गेली असती, तर हातात काही राहिलं नसतं, असं ते बेपला म्हणाले.

योरिंदेने फोन केला तेव्हा तिच्याकडे बरंच साचलेलं होतं. इतक्या वर्षांचं सगळं एकदाच ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"पप्पा..."

"थांब. आधी माझं ते 'पण' पुरं होऊ दे," टूनिस म्हणाला. "मला गाठीची भीती नव्हती गं. माझ्या बापाला मी शेवटी दिवसरात्र नुसता बघत बसलो होतो. करता काहीच येत नव्हतं. मला वाटायचं, आत काही निघालं तर तू तशी बसशील. इतकं शिकून, माझ्या उशाशी, काहीच करता न येता."

योरिंदेला साचलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. ती फोन धरून रडत राहिली आणि पलीकडे टूनिसही फोन न ठेवता तसाच उभा राहिला.