जयवंत मिस्त्री आणि दोन थाऊंचा पिस्टन

घोडपदेवच्या जयवंत मिस्त्रींकडे गाडी दिली की ती सोडवून आणेपर्यंत माणसाला दोन चहा आणि निदान चार बोलणी खावी लागतात. वय एकसष्ट. वडील गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर होते. त्यांच्याकडून जयवंतनं लेथवरचा हात उचलला आणि आपलं चुकलं असं कधी न म्हणण्याची सवयही. गाडी पुन्हा बिघडली तर गिऱ्हाइकाचं चुकतं, पेट्रोलचं चुकतं, फारच झालं तर महापालिकेच्या रस्त्याचं.

एकाच गिऱ्हाइकापुढे हा वाघ नरम पडायचा. गिरगावची सुचित्रा. दोघं एका वाडीत वाढली. मधे काही जमत होतं म्हणे, मग फिसकटलं म्हणे. वाडीतल्या बायकांकडे त्या फिसकटण्याच्या निदान सात हकिकती आहेत आणि सातही जणी शपथेवर सांगतात. खरं एवढंच की सुचित्रानं लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी धरली, साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट घेतली आणि त्या बुलेटला जयवंतशिवाय दुसऱ्याचा पाना लागू दिला नाही. जयवंतची बायको अंबिका, मालवणकडची. तिला सगळं ठाऊक होतं. नवरा आरशापुढे जरा रेंगाळला की आतून आवाज यायचा, "आज दाढी झाली मां? म्हणजे बुलेट येतली!"

तर गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते आणि नऊवारी नेसलेल्या बायका त्यात बुलेट चालवतात. दिसायला देखणं, पण गाडीला ती शिक्षाच. तीन तास, ढोलवाल्यांच्या पावलानं. गेल्या वर्षी मागे निशाण धरून एक भारदस्त मैत्रीण बसली आणि सुचित्राची गाडी ठाकुरद्वारपर्यंत अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी ती तडक घोडपदेवला हजर.

"जयवंता, मला वेग नको. दोन माणसं घेऊन न अडखळता हळू चालेल अशी कर."

"खालची ओढ पाहिजे तुला, कमी वेगातली. मग इंजिनच मोठं करू. साडेतीनशेचं पाचशे."

सवडीसवडीनं काम चाललं. रुंद सिलिंडर, त्यात मोठा पिस्टन, तो मावावा म्हणून इंजिनाच्या खालच्या पेटीचं तोंड लेथवर वाढवलं, कार्बोरेटरचा जेट बदलला. राहिली पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट. ती थाऊत मोजतात. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे थाऊ. पिस्टन तापला की फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. जयवंत सगळ्यांना चार थाऊ ठेवायचा. सुचित्राच्या गाडीला त्यानं दोन ठेवले. कारण? सैल पिस्टन थंड असताना खडखडतो, आणि सुचित्राची गाडी भर गिरगावात खडखडलेली त्याला चालणार नव्हती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गाडी देताना एवढंच म्हणाला, "पहिले पाचशे किलोमीटर हळू चालव." तेवढ्यात घट्ट पिस्टन घासून घासून आपली जागा करून घेतो.

त्याला पंधरा दिवस झाले. आणि यंदा निशाण धरायला सुचित्रानं बोलावलं कुणाला? अंबिकेला! ही पण नथ घालून सकाळी सहालाच पसार.

जयवंतनं गुढी उभारली, साखरेच्या गाठी बांधल्या, चहा घेऊन बसला. साडेआठला मोबाइलवर फोटो आला. झेंडूच्या माळा घातलेली बुलेट, दोघी हसतायत. जयवंतनं बायकोकडे पाहिलं नाही आणि, वाडीतल्या बायकांनी ऐकून घ्यावं, सुचित्राकडेही पाहिलं नाही. त्यानं बोटांनी फोटो मोठा करून मीटर वाचला. एकेचाळीस हजार दोनशे चव्वेचाळीस. गाडी दिली तेव्हा दोनशे सहा होता.

अडतीस किलोमीटर!

कप तसाच राहिला. कोरं इंजिन, आवळून बसवलेला पिस्टन, वर ऊन, आणि मुंगीच्या पावलानं चालणं. वाऱ्याची झुळूक लागणार नाही. पिस्टन फुगला की सिलिंडरला धरणार आणि मागचं चाक जागच्या जागी थिजणार. हळू असताना एक वेळ निभावेल. पण ढोलपथक पुढे सरकलं की मधे मोकळा पट्टा पडतो, तिथे बायका गाड्या सुसाट सोडतात, लोक टाळ्या पिटतात. तिथे चाक थिजलं तर दोघी रस्त्यावर, आणि मागून तीसेक गाड्या त्यांच्या अंगावर.

फोन केला. वाजत राहिला. दुसरीला केला, तोही वाजत राहिला. ढोलांत काय ऐकू येणार.

स्कूटर काढली ती ऑपेरा हाऊसला अडली. पुढे रस्ता बंद. जयवंत गुडघेदुखीचा माणूस, पण धावला. फेट्यांमधून, लेझीम घेतलेल्या पोरींमधून, "ओ काका, लाइन आहे ना!" ऐकत. दोनदा कुणाच्या तरी नव्या साडीवर पाय पडला. ठाकुरद्वारच्या अलीकडे त्याला गाडी दिसण्याआधी ऐकू आली. तीसेक बुलेटींच्या गलबल्यात आपली कुठली ते त्याला कळलं. आवाजातला गोडवा गेला होता. कोरडा, घासल्यासारखा, श्वास लागलेल्या माणसासारखा.

दोरीखालून घुसून त्यानं हँडल धरलं.

"बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"अरे वेडा झालास का? सरक!"

मागून अंबिका ओरडली, "बघलंस सुचित्रा? घरात बसवलाच नाय!"

"इंजिन धरेल! तू चालवली नाहीस गाडी. पाचशे सांगितले होते मी!"

"हळू चालव म्हणालास. याच्याहून हळू काय असतं? मुद्दाम मिरवणुकीसाठी राखून ठेवली."

समोर ढोलपथक सरकू लागलं. पट्टा उघडत चालला. मागच्या बायका हॉर्न वाजवू लागल्या.

"हात काढ, जयवंता. तू बांधलेलं इंजिन आहे. धरेलच कसं?"

ती हे इतक्या सहज बोलली की त्याचे हात सैल पडले. सुचित्रानं गिअर टाकला. गाडी सुटली. जयवंत शेजारून धावत सुटला आणि घसा फाडून ओरडला, "माझं चुकलं! ऐक! सगळ्यांना चार थाऊ देतो, तुला दोनच दिलेत! माझी चूक आहे, सुचित्रा, क्लच दाब!"

थाऊ तिला किती कळले देव जाणे. पण या माणसाच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द तिनं जन्मात ऐकले नव्हते. तिचा डावा हात आपोआप आवळला गेला.

त्याच क्षणी इंजिन कर्रकन ओरडून मेलं. क्लच दाबलेला, म्हणून चाक मोकळं राहिलं. गाडी आपल्याच वेगानं वीस-पंचवीस पावलं घरंगळली, डगमगली, सुचित्रानं पाय टेकून ती फुटपाथला नेऊन लावली. मागच्या बुलेटी हॉर्न मारत बाजूनं निघून गेल्या. कुणी पडलं नाही. निशाणसुद्धा सरळच होतं.

जयवंत लंगडत पोचला. सिलिंडरजवळ हात नेला आणि धगीनं मागे घेतला.

"दोनच का दिलेस?" सुचित्रानं विचारलं.

जयवंतनं बायकोकडे पाहिलं, मग गाडीकडे. "खडखडायला नको म्हणून."

अंबिका मागच्या सीटवरून उतरली. आता ही काय बोलते या धास्तीनं जयवंतनं मान खाली घातली. तिनं निशाणाची काठी सुचित्राच्या हातात दिली आणि ओचा सारखा केला.

"चल गो. पाय आसत ना आपले."

दोघी ढोलांच्या मागे चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर अंबिका सुचित्राच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते जयवंतला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायची त्याची छाती नाही. तो फुटपाथवर बसून राहिला, इंजिन निवायची वाट बघत.