कुलपाशेजारचं घर

मैत्रिणींनो, आज सकाळी नात नर्सिंगचा प्रकल्प दाखवायला आली. अकोल्याकडच्या एका गावात तिने दर पाचवं घर निवडून मुलांची वजनं घेतली होती.

"कुलूप असलेल्या घरांचं काय केलंस?" मी विचारलं.

"शेजारचं घर घेतलं, आजी. मॅडम म्हणाल्या, संख्या भरली पाहिजे."

मी चष्मा काढून ठेवला.

बहात्तरच्या दुष्काळात मी नवखी नर्स होते. पारनेरकडच्या एका गावात मीही असंच केलं होतं. कुलपाशेजारच्या घरातली बाई म्हणाली, "ती समदी खडी फोडाया गेल्यात, बाई. पोरं बी संगं नेली. ज्येंच्याकडं खायला हाय तीच घरी घावतील तुमाला. जोखा माझ्या पोराला, चांगला गुबगुबीत हाय."

मी हसले आणि त्याला काट्यावर बसवलं.

माझ्या कागदांवरून गावातली मुलं ठीक आहेत असं ठरलं. मुलांना वाटायची सरकारी सुकडी दुसऱ्या गावाला गेली; खडीवर गेलेल्यांना पोरं खाण्यासाठी गावी परत पाठवायला कारणच उरलं नाही. पावसाळ्यात ते कुलूप उघडलं. तीन मुलं घेऊन गेलेली ती माणसं एकच मूल घेऊन परत आली होती.

नातीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजी, उद्याच जमा करायचंय गं."

तिने तेच कागद पिशवीत घातले आणि ती गेली.

तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल तर सांगा. कुलूप लावून माणसं कुठे गेली, हे लिहायला तुमच्या तक्त्यात रकाना असतो का?