दाजींचं कुलूप

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लाकूड कापायच्या कारखान्यात ते वेल्डर, मी फिटर. ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात लावण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. आम्ही फिटर ग्रीस लावल्याशिवाय नट फिरवत नाही. आम्हाला ती नाटकं वाटायची.

"दाजी, ऑपरेशनला निघालात का?"

"मेहुणे, तेल आणि ऑक्सिजन भेटले की काडी ओढावी लागत नाही. तुमच्या ताईला मी अख्खा परत लागतो."

करवतीचं डिझेल इंजिन थकलं होतं. जाड ओंडका आला की धापा टाकायचं. दुरुस्तीला आठवडा लागला असता, पण मालकाला आठवडा थांबायचं नव्हतं. म्हणाला, "माणसाला धाप लागली की ऑक्सिजन लावतात. याला लावा."

दाजींनी चष्मा वर केला. "हवेत ऑक्सिजन जेमतेम पाचवा हिस्सा असतो, मालक. तो वाढवला की जास्त डिझेल जळेल, ताकद वाढेल, खोटं नाही. पण तेवढी आग सोसायला हा पिस्टन बनवलेला नाही. आणि याच्या एअर फिल्टरच्या तळाशी धूळ धरायला तेल भरलंय. त्यातून ऑक्सिजन सोडलात तर बॉम्बच होईल."

"तू वेल्डर आहेस की मास्तर?"

"वेल्डर आहे, म्हणूनच सांगतोय."

त्या संध्याकाळी त्यांनी सिलिंडर ठेवायच्या जाळीच्या दाराला स्वतःचं कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी दाजी आवारात फाटक जोडत होते. मालकाने मला बोलावून जाळीकडे बोट दाखवलं. मी हॅकसॉ घेतला. कुलूप चांगलं होतं, पाच मिनिटं लागली. ग्रीसच्या हातांनीच सिलिंडरची नळी फिल्टरच्या तोंडात खुपसली आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह थोडा उघडला. इंजिन गरजलं. ओंडका काकडीसारखा चिरला गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मालकाने पाठ थोपटली. मी फुगलो आणि व्हॉल्व्ह अजून उघडला.

मग आत घण मारल्यासारखे ठोके सुरू झाले. इंजिनच्या झिजलेल्या व्हॉल्व्हमधून ज्वाळा उलटी फिल्टरमध्ये आली आणि फिल्टर फुटला. नळी पेटली. सगळ्यात आधी मालक दाराबाहेर, मागोमाग मी. करवतीपलीकडे चार माणसं अडकली होती. दाजी बाहेरून आत धावले. सिलिंडर बंद झाल्याशिवाय ती आग थांबणार नाही, हे तिथे एकट्या त्यांनाच कळत होतं. त्यांनी तो बंद केला, उजव्या हाताने. चौघं वाचले. हाताची बोटं जळून एकमेकांना चिकटली, ती कायमची.

चौकशीच्या कागदावर आलं: "सिलिंडर वेल्डरच्या ताब्यात होता. वेल्डरचा निष्काळजीपणा." निष्काळजीपणा! दिवसातून दहा वेळा हात धुणाऱ्या माणसाचा! आणि खाली साक्षीदार म्हणून सही माझी. मालक म्हणाला होता, सही कर नाहीतर तूही घरी बस. मी केली.

दाजी डाव्या हाताने लिहायला शिकले. फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात तीन अर्ज केले. भरपाईसाठी नव्हे, जाळीला कुलूप होतं, एवढंच कागदावर घ्या म्हणून. उत्तर आलं नाही. त्या सगळ्या वर्षांत माझ्याशी ते एकदाच बोलले. "कापायला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं हॅकसॉ चालवलास. मध्ये एकदाही हात थांबला नाही?"

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात चौथा अर्ज लिहिला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. 'कुलूप लावलेलं होतं. मालकाच्या सांगण्यावरून ते कापण्यात आलं.' ताई दारात उभी होती, तिने मला बसायला सांगितलं नाही. दाजींनी डाव्या हातात पेन धरून 'कापण्यात आलं' यावर काट मारली.

"मालकाचं आहे तसं राहू दे. पण हे आपोआप कापलं गेलं का? कोणी कापलं ते लिही."

मी लिहिलं: मी कापलं. खाली सही केली. दाजींनी कागद परत वाचला, घडी घातली आणि चपला शोधायला उठले. "चल. ऑफिस पाचला बंद होतं."